आरएक्स 100 चं तडकलेलं क्लच कव्हर, काम कुठवर आलं

मंडळी, मामाच्या 1991 च्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलचं क्लच कव्हर, म्हणजे इंजिनचं उजव्या बाजूचं झाकण, शेवटी मार्गी लागलं. गाडी उभ्या जागी उजव्या बाजूला पडली, ब्रेक पेडल आत दबलं आणि थेट क्लच कव्हरवर बसलं, आरएक्सवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. पेडलच्या मागे साधारण 4 सेंटिमीटरची चीर, पार खालच्या स्क्रूच्या भोकापर्यंत गेलेली, मेन स्टँडवर लावली की सकाळी फरशीवर डाग ठरलेला.

आधी कुणीतरी वरून इपॉक्सी थापली होती, ती नखाने निघून आली कारण खाली सगळं ऑइलच होतं. डुप्लिकेट कव्हर मिळतं पण मित्राच्या गाडीला बसवताना बघितलंय, कव्हर जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिनच नीट जाईनात. कंपनीने हे मॉडेल 1996 ला बंद केलं, ओरिजिनल कव्हर आहे तोवर तेच वाचवायचं असं मी ठरवलं.

पहिला रविवार नुसता खोलण्यात गेला. स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला जाऊ नका, डोकी जातात, हातोडी मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, मला एकही स्क्रू ड्रिल करावा लागला नाही. ऑइल पंप याच कव्हरवर असतो म्हणून टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) नळी काढली की लगेच बोळा लावा, नाहीतर टाकी रिकामी होते.

आता मेन गोष्ट, ती म्हणजे सफाई. वेल्डिंग अर्ध्या तासाचं, सफाई दोन दिवसांची. हे जुनं ओतीव अॅल्युमिनियम तीस वर्षं ऑइल पिऊन बसलेलं असतं, वरून कितीही चकचकीत केलं तरी गरम झालं की आतून ऑइल घामासारखं बाहेर येतं आणि वेल्डला बारीक भोकं पडतात. मी पेट्रोल, मग थिनर, मग ब्लो टॉर्चने हळूहळू गरम करून पुसलं, असं पाच वेळा, शेवटी फडकं कोरडं निघालं. चीर नेमकी कुठे संपते ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून आतून डिझेल लावलं आणि बाहेरून खडूची पूड थिनरमध्ये कालवून फासली, रात्रभर ठेवल्यावर ओली रेघ उमटली, दिसत होती त्यापेक्षा चांगली 1 सेंटिमीटर लांब! आतल्या टोकाला 2.5 मिमीचं भोक मारलं म्हणजे चीर पुढे सरकत नाही, मग वेल्ड आत भरावं म्हणून चिरेवर कानशीने व्ही आकाराची खाच पाडली.

आर्गन वेल्डिंग (यालाच टिग म्हणतात) उद्यमनगरात करून घेतलं. कोल्हापुरात फाउंड्र्या असल्याने ओतीव काम हाताळलेली माणसं भेटतात, हे आपलं भाग्यच. अॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्या वर, म्हणून एसी करंटवर टिग लागतं. कव्हर मी भंगारातल्या क्रँककेसवर (इंजिनचा खालचा सांगाडा, ज्यावर हे कव्हर बसतं) स्क्रूने आवळूनच नेलं होतं, सुटं वेल्ड केलं असतं तर वाकडं झालं असतं. आधी गरम केलं, नंतर वाळूत पुरून थंड केलं. घरी जाड काचेवर 400 चा पॉलिश पेपर ठेवून घासलं तर एका कोपऱ्यात किंचित उठाव होता, तो गेला. नवीन पॅकिंग, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले.

आणि हे प्लीज विसरू नका, पंपाची नळी सुटली म्हणजे आत हवा शिरली. पंपावरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, तरी मी पहिल्या टाकीला लिटरमागे 25 मिली टू-टी पेट्रोलमध्येही मिसळलं, धूर झाला तर होऊ दे, पिस्टन ऑइलविना जाम (सीझ) झाला तर काय करायचं.

काल जोतिबाला जाऊन आलो, एकूण 140 किलोमीटर झाले. रात्री कव्हरखाली पांढरा कागद ठेवतो, कोरा निघतोय. पुढचं काम पेडलचं, सरळ केलंय पण पुन्हा पडली तर तिथेच बसणार, कुणी मागून स्टॉपर लावून घेतला असेल तर फोटो टाका.