काचेच्या आतला स्टिकर अखेर अखंड सुटला

नागपूरच्या रेडिओ केंद्रांच्या जुन्या प्रचारवस्तू मी जमवतो. मागच्या दोन नोंदींमध्ये ज्या काचेपाशी माझे गाडे अडले होते, त्या कामठी रस्त्यावरच्या पानठेल्याच्या काचेवरचा एफएमचा स्टिकर या आठवड्यात चारही कोपऱ्यांसह, शाईला धक्का न लागता आणि तळाच्या ‘नागपूर’ या देवनागरी अक्षरांसह सुटून आला आहे. ज्यांनी ‘नाद सोडा आणि फोटो काढून ठेवा’ असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितो.

हा स्टिकर इतका मोलाचा का, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. खासगी केंद्रांच्या साखळ्या बहुतेक शहरांत एकाच वारंवारितेवर चालतात. ९८.३, ९४.३, ९३.५ आणि ९१.१ हे आकडे नागपुरात ऐकू येतात, तसे ते इतर अनेक शहरांतही ऐकू येतात. स्टिकर, चावीची साखळी, कप, टोपी या वस्तू पुष्कळदा एकाच नमुन्यावर छापून सगळीकडे वाटल्या जात, त्यामुळे नुसता आकडा छापलेला स्टिकर हातात आला, तर तो इतवारीत वाटला गेला की इंदूरमध्ये, हे सांगण्याची सोय नसते. शहराचे नाव छापलेली वस्तू किंवा जिथे चिकटवली होती त्या जागेसकट मिळालेली वस्तू, या दोनच गोष्टींना मी ‘नागपूरची’ म्हणतो. या स्टिकरमध्ये दोन्ही जुळून आल्या होत्या.

एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा दुमजली उड्डाणपूल आणि त्यावरची मेट्रो उभी राहिली, तसा त्या पट्ट्यातल्या दुकानांचा चेहराच बदलला. ठेल्याच्या काकांनी आता पक्का गाळा घेतला असून त्याच्या दर्शनी भागावर फ्लेक्स आणि एलईडीची पाटी आहे. जुन्या ठेल्याच्या लाकडी खोक्याच्या काचा मागायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “घेऊन जा ना भाऊ, मले काय करायचं आता त्या काचेचं?” त्यांचा रेडिओ मात्र अजून चालू आहे. सकाळी आकाशवाणीचे ५८५ किलोहर्ट्झ आणि दुपारनंतर विविध भारतीचे १००.६ असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. ज्या केंद्राचा स्टिकर त्यांनी इतकी वर्षे मिरवला, ते केंद्र ते क्वचितच लावत असत, ही बाब मी माझ्या वहीत वेगळी नोंदवून ठेवली आहे.

आता मूळ अडचणीकडे वळतो. साधा स्टिकर पाठीमागून चिकटतो आणि त्याची छापील बाजू मोकळी असते. काचेच्या आतून लावून बाहेरून दिसणाऱ्या स्टिकरमध्ये मात्र गोंद छापील बाजूवरच असतो, म्हणजे काच, गोंद, शाई आणि मग व्हिनाइल (स्टिकरचे प्लास्टिकचे पान) असा थर लागतो. त्यामुळे गोंद विरघळवणारे जे काही वापरावे, ते आधी शाईवर चालून जाते. थिनरचा प्रश्नच नव्हता. संत्र्याच्या सालीच्या तेलाकडून मला फार आशा होती, कारण त्यातला प्रमुख घटक लिमोनिन हा चिकटपणा घालवण्यात वाकबगार आहे आणि आपल्या गावात त्याची वाण पडू नये. परंतु त्याच जातीच्या, त्याच प्रकारे छापलेल्या टाकाऊ स्टिकरवर प्रयोग केला असता लाल रंग कापसावर उतरू लागला. जाता जाता एक सूचना: हे तेल एफएमच्या भेट मिळालेल्या खिशातल्या रेडिओंवर कधीही वापरू नका, कारण त्यांची खोकी बहुधा पॉलिस्टायरीनची असतात आणि लिमोनिनमध्ये पॉलिस्टायरीन चक्क विरघळते.

उष्णतेचा मार्गही सरळ नव्हता. मे महिन्यात आपल्याकडची काच उन्हात हात लावू देत नाही आणि अशा उन्हाळ्यांमागून उन्हाळे खाल्लेल्या व्हिनाइलमधला मऊपणा राखणारा पदार्थ हळूहळू निघून जातो. मग व्हिनाइल आक्रसते, कडेने गोंदाची काळी चौकट उघडी पडते आणि मधला भाग वाळलेल्या पापडासारखा तडकतो. केसांच्या ड्रायरने तापवले तर तडकलेला भाग तसाच राहतो आणि न तडकलेला भाग ताणला जाऊन आकडे लांबट होतात. थंडाव्याने गोंद ठिसूळ करण्याची युक्ती कागदी लेबलांसाठी ठीक असली, तरी इथे गोंदाच्या आधी व्हिनाइलच तुटले असते.

वाट सापडली ती दोन वेगवेगळ्या दुकानांत. पहिले दुकान रेडियमवाल्याचे. गाड्यांवर अक्षरे चिकटवताना तो जी कमी चिकट ट्रान्सफर टेप वापरतो, ती मी स्टिकरच्या मोकळ्या पांढऱ्या पाठीवर सबंध लावून घेतली. पाठीवर छपाई नसल्यामुळे तिथे बिघडण्यासारखे काही नव्हते आणि तडकलेले सगळे तुकडे आपापल्या जागी धरले गेले. (ऑनलाइन मागवलेली टेप महाग तर होतीच, शिवाय तिचा गोंद इतका कडक होता की ती पुन्हा काढताना तुकडे उपटले गेले असते. रेडियमवाल्याकडे ती मीटरवर मिळते आणि आधी हात लावून पाहता येते. या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे.)

दुसरे दुकान सीताबर्डीतल्या मोबाइल दुरुस्तीचे. फुटलेली काच डिस्प्लेपासून वेगळी करण्यासाठी ही मंडळी तापणाऱ्या सपाट पाट्याचे ‘सेपरेटर’ यंत्र आणि केसाइतकी बारीक मोलिब्डेनमची तार वापरतात. ते काम पाहताना मला जाणवले की आपली अडचण हुबेहूब हीच आहे, फक्त आपल्याला काच नको असून तिच्या पोटाला चिकटलेले पातळ पान हवे आहे. पाटा लहान असल्यामुळे ठेल्याची काच आधी कापून घ्यावी लागली. ती साधी काच होती म्हणून हिऱ्याच्या कटरने रेघ ओढून सहज तुटली. मोटारीची मागची काच टफन्ड असते, तिला असा कटर लावला तर तिचा चुरा होतो, त्यामुळे माझ्याकडच्या मोटारीच्या काचेला ही पद्धत लागू पडणार नाही. कापलेला तुकडा घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा कारागिराने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “दादा, याच्यात मोबाइल कुठं हाये?”

पाटा सत्तर अंशांच्या आसपास ठेवून काच पुरती तापू दिली आणि एका कोपऱ्यापासून तार दोन्ही हातांनी, करवतीसारखी पण अगदी संथ, आत ओढत नेली. तार गोंदाच्या थरापेक्षा जाड असते, तरीही काम होते, कारण काच हलत नसली तरी वरचे व्हिनाइल टेपच्या आधाराने किंचित उचलले जाते आणि तार गोंदाच्या मधूनच वाट काढते. काही गोंद काचेवर राहतो आणि काही शाईवर. शाईवरचा गोंद मी मुळीच साफ केलेला नाही आणि करणारही नाही, कारण शाईला आजवर त्याच थराने सांभाळले आहे. ‘पू’च्या उकारापाशी तार अडली होती, परंतु कारागिराने जोर न लावता तिथली काच आणखी तापू दिली आणि तार पुढे सरकली. पैसे देऊ लागलो, तर त्याने फक्त तारेचे घेतले.

स्टिकर सुटला, पण छापील बाजू चिकट असल्याने तो ठेवायचा कशावर, हा प्रश्न उरला. तूर्त तो रेडियमच्या मागे येणाऱ्या सिलिकॉनच्या कागदावर पालथा ठेवला आहे, म्हणजे कष्टाने वाचवलेली बाजूच दिसत नाही. तो ॲक्रिलिकच्या पाटीवर कायमचा चिकटवून टाकण्याचा माझा बेत होता, परंतु हे लिहिता लिहिता एक वेगळीच गोष्ट सुचली. खिडक्यांना उन्हाची फिल्म लावणारे कारागीर तिच्यावरचे पारदर्शक लायनर सोलून फेकून देतात. ते पॉलिएस्टरचे असून त्याला सिलिकॉनचा लेप असतो, म्हणजे गोंद त्याला धरत नाही आणि आरपार दिसते. स्टिकर त्यावर ठेवला, तर तो ठेल्याच्या गिऱ्हाइकाला दिसत होता तसाच दिसेल आणि हवा तेव्हा उचलताही येईल. नागपूरच्या उन्हाळ्यामुळे हे लायनर ढिगाने मिळेल. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोटारींच्या काळ्या फिल्म खरवडल्या गेल्या, तेव्हा त्यांवर लावलेले एफएमचे स्टिकरही गेले असणार, असा माझा जुना तर्क आहे. त्याच फिल्मचा टाकाऊ भाग आता आपल्या कामी येईल. ॲक्रिलिकचा बेत म्हणून रद्द.

दुसराही एक बेत बदलला आहे. त्याच ठेल्याच्या बाजूच्या काचेवर याच स्टिकरची दुसरी, अधिक फिकट प्रत आहे आणि तीही अशीच सोडवायची असे ठरले होते. ती आता काचेसकटच ठेवीन. काचेवर चुन्याचे ठिपके आहेत, एका कोपऱ्यात जुन्या दरपत्रकाचा कागद आहे, आणि वस्तू कुठे जगली याचा तो पुरावा आहे. फक्त आधी तिचे स्कॅन हवे. काचेच्या जाडीमुळे सीआयएस जातीचा, फक्त अगदी टेकलेली वस्तूच स्पष्ट टिपणारा स्वस्त स्कॅनर चित्र धूसर देतो. त्याला थोडी दूरची वस्तूही स्पष्ट टिपणारा सीसीडी जातीचा जुना, जाडजूड स्कॅनरच लागतो, आणि असे यंत्र कोणी भंगारात देत असेल तर आधी मला विचारावे.

इतर नोंदी थोडक्यात. विदर्भातल्या एका श्रोता संघाचे छापील पत्रशीर्ष, रबरी शिक्क्यासह, नव्याने मिळाले आहे. आकाशवाणी नागपूर १६ जुलै १९४८ ला सुरू झाले, पण त्या केंद्राच्या काळातल्या माझ्याकडच्या प्रचारवस्तू बहुतेक श्रोत्यांनी स्वतःच्या पैशाने छापलेल्या आहेत. फर्माइशीचे पत्र उठून दिसावे म्हणून माणसे शीर्ष छापून घेत आणि शिक्का बनवून घेत. पुढे खासगी केंद्रे आली आणि छपाईचा खर्च केंद्रांकडे गेला. माझ्या संग्रहाचे दोन भाग याच रेषेवर पडतात, आणि खरे सांगायचे तर पहिला भाग मला अधिक प्रिय आहे. १५६६ किलोहर्ट्झवरच्या, बुटीबोरीच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकाचे क्यूएसएल कार्ड (प्रक्षेपण ऐकल्याचा अहवाल पाठवणाऱ्या श्रोत्याला केंद्राकडून येणारे पोचकार्ड) मात्र अजून हाती लागलेले नाही. त्यावरून रात्री चालणारी राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ ला सुरू होऊन २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा त्या काळात अहवाल पाठवणारे कोणी असतील तर त्यांनी जुन्या फायली चाळाव्यात.

कागदी वस्तूंसाठी एक आठवण: कूलरच्या खोलीत त्या ठेवू नका आणि वास येणारे, मऊ पीव्हीसीचे अल्बम आजच काढून टाका, कारण त्यांतून पाझरणारा पदार्थ शाई आपल्याकडे ओढून घेतो. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे थोडे महाग पडतात, तरी तेच घ्यावेत.

सुटलेल्या स्टिकरची तळाची पट्टी मध्यरेषेपासून किंचित डावीकडे सरकलेली आहे. हा एकाच प्रतीतला दोष आहे की स्थानिक छपाईचा वेगळा फर्मा आहे, हे दुसरी प्रत फिकट असल्याने ठरवता येत नाही. ज्यांच्याकडे ‘नागपूर’ छापलेला असा स्टिकर असेल, त्यांनी ‘ना’च्या उभ्या दांडीपासून डाव्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कळवावे. व्हिनाइल आक्रसलेले असल्यास कड न धरता गोंदाच्या काळ्या चौकटीपासून मोजावे.