विकणाऱ्याचा कागद आणि त्रयस्थाची नजर

नामवंतांची स्वाक्षरी विकत घेताना सोबत मिळणारं प्रमाणपत्र दिसायला भारदस्त असतं. जाड कागद, सोनेरी किनार, कोपऱ्यात चमकणारा होलोग्राम. यातलं काहीही छापखान्यात करून मिळतं, म्हणून आधी बघायचं ते एवढंच: कागद देणारा कोण आहे, आणि सही खरी ठरण्यात त्याचा पैसा अडकलाय का? विकणाऱ्यानेच प्रमाणपत्र दिलं असेल तर ती त्याची हमी झाली. चांगल्या विक्रेत्याची हमी मोलाची असते, माल परत घेण्याची लेखी तयारी असेल तर जास्तच. पण तिला पडताळणी म्हणता येत नाही.

१९९०च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा हा फरक चव्हाट्यावर आला. मेलेल्या आणि हयात, दोन्ही खेळाडूंच्या सह्या ही मंडळी घाऊक भावात करत होती. मदर तेरेसांच्या ‘सहीचे’ बेसबॉलसुद्धा त्या मालात निघाले. मालाला प्रमाणपत्रं मात्र होतीच, कारण खोटी सही करणाऱ्याला खोटा कागद करायला वेगळे कष्ट पडत नाहीत. पुढे २००१ पासून मेजर लीग बेसबॉल या तिथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या संघटनेने स्वतःची व्यवस्था उभारली. तिच्यात सही होताना किंवा वस्तू मैदानातून बाहेर येताना नेमलेला माणूस समोर हजर असतो आणि क्रमांक असलेला होलोग्राम तिथल्या तिथे लावतो. हे नेमलेले लोक पोलिसी सेवेतले किंवा त्यातून निवृत्त झालेले असतात, क्लबचे विक्री कर्मचारी नसतात.

फसवायचा हेतू नसला तरी हितसंबंध नजर मंद करतात. २०२२ मध्ये अमेरिकी गायक बॉब डिलन यांच्या नव्या पुस्तकाच्या ‘हाताने सही केलेल्या’ ९०० प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या आणि प्रत्येकीसोबत खुद्द प्रकाशकाचं पत्र होतं. ग्राहकांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांशी जुळवले, तेव्हा सह्या यंत्राने, म्हणजे ऑटोपेनने केल्याचं उघड झालं. पैसे परत द्यावे लागले आणि डिलन यांनी जाहीर माफी मागितली. यापेक्षा ‘थेट’ स्रोत कुठला असणार? तरीही खरं काय ते शोधलं ज्यांचा त्या विक्रीतून काडीचा फायदा नव्हता त्यांनी.

आणखी एक गोष्ट संग्राहक फार कमी विचारतात: सही ज्या नमुन्यांशी ताडून पाहिली ते नमुने कुठून आले? १९८३च्या हिटलरच्या तथाकथित डायऱ्यांचं प्रकरण इथे आठवायलाच हवं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं असा निर्वाळा दिला होता, पण त्यांना तुलनेसाठी मिळालेल्या कागदांतले काही त्याच बनावटखोराच्या, कोनराड कुयाऊच्या हातचे होते. अक्षर जुळलं यात नवल नाही, दोन्ही एकाच माणसाने लिहिलं होतं. प्रकरण उलगडलं ते जर्मन सरकारी अभिलेखागाराने सामग्री तपासल्यावर. कागदात युद्धानंतरच्या काळातलं शुभ्रक, म्हणजे कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन, सापडलं. माझ्या लेखी स्वतंत्र पडताळणीची व्याख्या इथेच पुरी होते: माणूस स्वतंत्र हवा, त्याची फी निकालावर अवलंबून नको, आणि त्याचे नमुनेही विकणाऱ्याकडून आलेले नकोत.

आता प्रत्यक्ष तपासणीत काय पाहतात ते. अक्षरांचं वळण ही सगळ्यात ढोबळ पायरी, आणि कसलेल्या बनावटखोराला नेमकी तीच जमते. त्याला जमत नाही तो वेग. अस्सल सही झपाट्याने होते. पेन कागदाला टेकण्याआधीच हात हलत असतो, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात. बघून काढलेली सही रेखाटलेली असते. दहा ते चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात बारीक थरथर दिसते, सहीचा धनी कधीच उचलत नाही अशा जागी पेन उचललेलं दिसतं, कधी रेघेला मागाहून लावलेलं ठिगळही सापडतं. बॉलपेनची सही तर दिशासुद्धा सांगते. वळण संपता संपता गोळीवर साचलेली शाई जरा पुढे जाऊन थेंबासारखी पडते, आणि रेघेतले बारीक कोरे चरे वळणाच्या आतून बाहेर सरकत जातात. ज्याच्या खऱ्या सह्यांत ‘ओ’ नेहमी उजवीकडून सुरू होतो, त्याच्या नावावरच्या सहीत तो डावीकडून सुरू झालेला दिसला, की वळण कितीही हुबेहूब असो, शंका पक्की होते.

जुन्या कागदावर मी दुमडीकडे बारकाईने बघतो. सही आधी झाली आणि कागद नंतर दुमडला गेला असेल, तर घडीच्या रेषेवर शाई तंतूंसकट तुटलेली, खरवडलेली दिसते. कागद आधीच दुमडलेला असेल, तर शाई तुटक्या तंतूंत झिरपून तिथे फुगीर डाग पडतो. १९३०ची म्हणून दाखवलेली सही जुन्या घडीत अशी झिरपलेली दिसली, तर ती घडीनंतरची आहे. ती किती नंतरची, हे मग विकणाऱ्याला विचारायचं.

कागद जुना असला म्हणजे सही जुनी ठरत नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर सह्या करण्याची युक्ती फार जुनी आहे. अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा झळकणारा कागद साधारण १९५० नंतरचा समजायचा. पण झळकला नाही म्हणून जुना, असं उलटं अनुमान काढता येत नाही. लिहिण्याचं साधन मात्र कधीकधी एका फटक्यात निकाल लावतं. अमेरिकेच्या बाजारात बॉलपेन ऑक्टोबर १९४५ मध्ये आलं, आणि आजचे मार्कर १९६०च्या दशकातले. बेसबॉलपटू बेब रूथ १९४८ मध्ये गेला. त्याची मार्करने केलेली सही असूच शकत नाही.

खोट्या सहीपेक्षा चकवणारा प्रकार म्हणजे कायदेशीर, पण दुसऱ्याच हाताची सही. हॉलिवूडची अभिनेत्री जीन हार्लो हिच्या कित्येक फोटोंवर तिच्या आईने सह्या केल्या. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या नावाच्या बऱ्याच सह्या त्यांचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स यांच्या हातच्या आहेत. शाई त्या काळची, कागद त्या काळचा, वस्तू कुठून कशी आली ती कुळकथाही खरी, फक्त हात वेगळा. अशा ठिकाणी त्या एका व्यक्तीच्या सह्या वर्षानुवर्षं पाहिलेला तज्ज्ञच लागतो. ऑटोपेनचं उलट आहे: तो दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या की पकडला जातो. माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही, यंत्र करतं. शिवाय यंत्राच्या रेघेचा दाब सगळीकडे सारखा असतो आणि सुरुवातीला, शेवटी ठिपका उमटतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या नावाच्या सह्या घेणाऱ्याने ठाऊक असलेले ऑटोपेन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सही तपासणाऱ्या कंपनीकडे वस्तू पाठवण्याच्या बाबतीत थोडं सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं. आधी पुढून, मागून ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि तिरप्या उजेडात एक फोटो काढा, वस्तू परत आल्यावर ताडून पाहता येतं. पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून, त्याहून मोठ्या दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये बांधा, आणि विमा उतरवूनच पाठवा. फी बहुतेक ठिकाणी सही करणाऱ्याचं नाव आणि वस्तूची किंमत यावर ठरते. सही नाकारली गेली तरी पूर्ण फी लागते का, हे आधीच विचारून घ्या. संघाच्या सगळ्या सह्या एकाच बॅटवर असतील, तर कंपनीच्या पत्रात कुठल्या नावांवर मत दिलंय ते एकेक मोजा. यादीतून गळलेलं नाव बहुधा सगळ्यात महाग खेळाडूचं असतं आणि ते चुकून गळालेलं नसतं.

प्रमाणपत्र हातात आलं की त्याचीही पडताळणी करायची. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नोंद पाहता येते. क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नका. खऱ्या वस्तूचा क्रमांक नकली स्टिकरवर छापणं सोपं आहे. नोंदीत फोटो असेल तर रेघ न् रेघ जुळवा. फोटो नसेल तर निदान वस्तूचं वर्णन जुळायला हवं: नोंद फोटोची आणि तुमच्या हातात चेंडू, असं झालं की विषय संपला. ‘सही होताना आमचा माणूस समोर होता’ आणि ‘नंतर पाहून दिलेलं मत’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, शब्द नीट वाचा. पहिलं साक्ष असते, दुसरं मत. मत फक्त सहीपुरतं असतं. ती बॅट खरंच सामन्यात वापरली होती का, हा सर्वस्वी निराळा प्रश्न. स्कॅन बघून मिळणारं झटपट मत खरेदीआधी उपयोगी पडतं, पण फोटोत दाब आणि शाईचे थर दिसत नाहीत, म्हणून त्यावर मोठी रक्कम लावू नये. जुन्या, नाजूक कागदावर स्टिकर चिकटवू देऊ नका, फक्त पत्र मागा.

त्रयस्थही चुकतो. दोन चांगल्या कंपन्यांची मतं एकमेकांविरुद्ध गेलेली आहेत आणि पुढेही जातील. म्हणून ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून देणाऱ्यावर माझा विश्वास वाढतो, आणि प्रत्येक वस्तू पास करणाऱ्यावरचा कमी होतो. फी सहीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर पाठवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच काळातले दहा-पंधरा भरवशाचे नमुने जमवून भिंग घेऊन स्वतः बसावं.

महाग सही घेताना पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एक ओळ लेखी घ्या: अमुक किंवा तमुक कंपनीने नाकारली किंवा मत द्यायला नकार दिला, तर पूर्ण रक्कम परत. कंपन्यांची नावं त्यात असू द्या, नाहीतर विक्रेता आपल्या ओळखीच्या ‘तज्ज्ञाचं’ पत्र पुढे करतो. मुदतही तपासणीला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठी मागा. कंपनीकडून निकाल यायला कधीकधी महिने लागतात, आणि चौदा दिवसांची परतीची मुदत तोवर कधीच उलटून गेलेली असते.