कॅरेट तेवढाच, मग हिरा लहान का दिसतोय?

ताईला अंगठी करायची होती आणि तिने मला सोबत नेलं, का तर म्हणे तू सगळ्याचं काहीतरी वाचत असतोस. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझं ज्ञान चमकतो तो हिरा एवढंच होतं. समोर दोन गोल हिरे ठेवले, दोन्ही एकेक कॅरेटचे, रंगाची ग्रेड तीच, क्लॅरिटी, म्हणजे आतून किती स्वच्छ, तीही तीच, आणि ताई पटकन म्हणाली, "हा दुसरा लहान का दिसतोय रे?" विक्रेता म्हणाला मॅडम वजन अगदी सेम आहे, भास होतोय तुम्हाला. मी हिऱ्यांसोबतच्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरचं माप बघितलं तर पहिल्याचा व्यास ६.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६.१. भास कुठला, दुसऱ्याचं वजन सगळं पोटात होतं!

कॅरेट म्हणजे वजन हो, आकार नाही. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो, पण कापणाऱ्याने वजन वाचवायला खालचा भाग खोल ठेवला किंवा कडेचा पट्टा, ज्याला गर्डल म्हणतात तो जाड ठेवला, तर आपण ज्याचे पैसे मोजतो त्यातलं बरंचसं अंगठीत खाली दडून बसतं आणि वरून कुणाला दिसतही नाही. आणि असा खोल हिरा नुसता लहान दिसत नाही, मधोमध काळपटही दिसतो. उलट फार उथळ कापला तर टेबलमधून, म्हणजे वरच्या सपाट मोठ्या पैलूतून बघितल्यावर आत एक करडी रिंग दिसते, तिला फिश आय म्हणतात, माशाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून.

माझा सगळ्यात मोठा गोंधळ होता तो कट आणि शेपचा. गोल, ओव्हल, थेंबासारखा पेअर, चौकोनी हे शेप, म्हणजे वरून दिसणारी बाह्यरेषा. कट म्हणजे पैलू कुठल्या कोनात पाडलेत, किती सारखे आहेत, पॉलिश कसं आहे, सगळं मिळून उजेडाचं काय होतं ते. त्यातही एमराल्ड कट, प्रिन्सेस कट अशी चौकोनी शेपचीच नावं कट म्हणून बोलली जातात, मग माणूस गोंधळणार नाही तर काय.

उजेडाचं गणित मात्र मला फार आवडलं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणजे आत शिरलेला उजेड चांगलाच वाकतो, आणि आतून एखाद्या पैलूवर सुमारे २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला की बाहेर पडूच शकत नाही, आरशासारखा परत फिरतो. खालच्या निमुळत्या भागाचे, म्हणजे पॅव्हिलियनचे कोन बरोबर असले तर उजेड एका बाजूला आपटतो, दुसऱ्या बाजूला आपटतो आणि वरून आपल्या डोळ्यात येतो. कोन चुकले की तोच उजेड खालून गळून जातो, फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखा. बेल्जियमच्या हिरे कारागिरांच्या घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्हस्कीने १९१९ मध्ये हे सगळं कागदावर मांडलं: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४.५ अंश, खालचा ४०.७५. आज काटेकोर तेच आकडे कुणी धरत नाही, थोडं इकडेतिकडे चालतं, पण ५७-५८ पैलूंचा गोल ब्रिलियंट, म्हणजे नेहमीचा झगमगता गोल हिरा, आजही त्याच्याच आसपास फिरतो.

आणि वजन की चमक हे भांडण जुनंच आहे. कोहिनूरचंच बघा ना. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा लोक बघायला गेले आणि हिरमुसून आले, काचेसारखा दिसतो म्हणाले, कारण त्याची जुनी घडण झगमगाटासाठी केलेलीच नव्हती. मग १८५२ मध्ये तो नव्याने ओव्हल ब्रिलियंटमध्ये कापला आणि आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा १०५.६ वर आला, चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गेलं. मला अजूनही ते वाचून पोटात कालवतं, पण चमक वाढली हे खरं.

आता शेप. गोल हवा असेल तर काम सोपं, कारण जीआयए, म्हणजे हिरे तपासून ग्रेड देणारी अमेरिकेतली संस्था, २००६ पासून गोल ब्रिलियंटच्या रिपोर्टवर कट ग्रेड देते, एक्सलंट ते पुअर अशी. ताईला पाहिजे होता ओव्हल. आणि विक्रेता सारखं म्हणत होता, "एक्सलंट-एक्सलंट आहे बघा!" मी रिपोर्ट नीट वाचला तर ते एक्सलंट पॉलिश आणि सिमेट्रीचं होतं, कट ग्रेडचा रकानाच नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, पण पूर्ण खरंही बोलत नव्हता. पॉलिश चकाचक आणि कोन भलतेच असा हिरा अगदी असू शकतो, त्यामुळे ओव्हल, पेअर किंवा दोन्हीकडे टोकदार असलेला मार्कीज घेताना आपल्याच डोळ्यांवर भिस्त.

या तिन्ही लांबट शेपमध्ये मधे बो-टायसारखी काळी सावली पडते, कारण मधल्या पैलूंमध्ये बघणाऱ्याच्याच डोक्याची सावली उतरते. थोडी असतेच, आणि खरं तर हिरा हलवल्यावर ती उघडझाप झाली तर छान वाटतं. हलवूनही काळी ती काळीच राहिली तर मात्र सोडून द्यायचा. आम्ही पाच ओव्हल बघितले, त्यातल्या दोघांत ती जागची हललीच नाही.

लांबट चौकोनी एमराल्ड आणि चौरस अॅशर वेगळ्या जातीचे, त्यांचे पैलू पायऱ्यांसारखे. लुकलुक कमी, पण मोठे मोठे शांत पट्टे उघडमीट होतात, आरशांच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं. मला स्वतःला हेच जास्त आवडतात. फक्त टेबल म्हणजे उघडी खिडकी, आतला बारीकसा डागही दिसतो, त्यामुळे क्लॅरिटीत काटकसर इथे करायची नाही, ती गोलात किंवा चौकोनी पण झगमगत्या रेडियंटमध्ये खपते कारण तिथल्या झगमगाटात डाग हरवून जातो.

प्रिन्सेसचे कोपरे टोकदार, मार्कीजची दोन टोकं, पेअरचं एक, ही नाजूक ठिकाणं. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते खरं नाहीये. हिऱ्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही हे वेगळं आणि फुटत नाही हे वेगळं. काही ठरावीक दिशांनी तो सरळ दुभंगतो, कारागीर पूर्वी त्याचाच फायदा घेऊन मोठे खडे फोडायचे. म्हणून टोकावर प्रॉन्ग, म्हणजे धरून ठेवणारी ती नखी पाहिजेच. लॅबमध्ये बनवलेला असो की खाणीतला, ही टोकं दोघांचीही तितकीच नाजूक आणि कोनांचं गणितही तेच.

आणि दुकानातले ते बारीक दिवे! त्यांच्याखाली काहीही चमकतं, बाटलीची काचसुद्धा. आम्ही हिरा घेऊन खिडकीपाशी गेलो, मग टेबलाखाली सावलीत धरला, विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या सावलीत तीन मेले आणि दोन जागे राहिले. जागे राहिलेल्या दोघांपैकी ताईने रुंदीच्या १.४ पट लांबीचा घेतला, दुसरा १.५५ पट होता, तिच्या बोटावर तो फारच काडीसारखा दिसत होता. वजनाने हा थोडा कमी, पण वरून दिसायला तिने आधी पसंत केलेल्या एका खोलगट ओव्हलपेक्षा मोठा.

परवा मैत्रिणीने मार्कीजच्या अंगठीचा फोटो पाठवून कशी आहे विचारलं. मी विचारलं टोकांना प्रॉन्ग आहेत का. अजून उत्तर आलं नाहीये, बहुतेक बघायला गेली असेल.