‘नोंद घेण्यात आली’

नोकरीची सत्तावीस वर्षं मी कंपनी सेक्रेटरी होतो. बोर्ड मीटिंगला कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहायचे, हे काम. एकदा सांडपाण्याचा अहवाल आला. आकडे वाईट होते, अर्धा तास चांगलीच खडाजंगी झाली. मी मसुद्यात लिहिलं, ‘सविस्तर चर्चा झाली.’ चेअरमनसाहेबांनी त्यावर पेन्सिलीनं काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘नोंद घेण्यात आली.’ मी मुकाट्यानं तसं टाइप केलं.

निवृत्तीनंतर न्यूरेंबर्गचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी जर्मनीतल्या आरोपींवर चाललेल्या खटल्यांचे, निकाल वाचायला घेतले तेव्हा हे आठवलं. गोअरिंग वगैरे नाझी नेत्यांचा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्याच्यानंतर अमेरिकनांनी तिथेच आणखी बारा खटले चालवले, त्यातले तीन उद्योगपतींवर: फ्लिक, क्रुप आणि आय. जी. फार्बेन. फार्बेन म्हणजे जर्मनीतला सगळ्यात मोठा रसायन-उद्योग. ऑगस्ट १९४७ ते जुलै १९४८ खटला चालला. आरोपपत्रात २४ जण, एक आजारी म्हणून वगळला, उरले २३. सगळे कोटातले, बरेचसे डॉक्टरेटवाले. आमच्या बोर्डावर शोभले असते.

त्यांच्यावर आक्रमक युद्धाच्या तयारीचा, म्हणजे शांततेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप होता, आणि त्यासाठी कट केल्याचाही. या दोन्हींतून २३च्या २३ सुटले. कार्ल क्राउखसुद्धा! हा गृहस्थ कंपनीत मोठ्या पदावर असतानाच गोअरिंगच्या चार वर्षांच्या योजनेत रसायनांचा कारभार बघत होता. न्यायाधीशांचं म्हणणं असं की शस्त्रास्त्रं बनवणं हा मुळात गुन्हा नाही. हिटलर आक्रमण करणार हे या माणसाला स्वतःला ठाऊक होतं, हे सिद्ध झालं पाहिजे. शिवाय पहिल्या खटल्यात खुद्द श्पेअर, शस्त्रास्त्रमंत्री, या दोन आरोपांतून सुटला होता. मग कारखानदाराला कसं धरायचं? आणि त्याला धरलं, तर फोरमनला का नाही?

कायद्याच्या माणसाला हा युक्तिवाद सहज उडवता येत नाही. मलाही आला नाही. क्रुपच्या खटल्यात तर हे आरोप सरकारी पक्षाचा पुरावा संपताक्षणी निकालात काढले गेले, बचाव ऐकायचीही वेळ आली नाही.

पण मला छळतं ते एक पत्र. १२ एप्रिल १९४१. फार्बेनचा संचालक ऑटो आम्ब्रोस सहकारी संचालक फ्रिट्स टेर मेअरला आउशवित्सच्या नव्या रबर-कारखान्याविषयी कळवतोय. छळछावणीच्या व्यवस्थापनानं, म्हणजे एसएस या नाझी दलानं, जेवण दिलं, तिथेच छावणीची मदत कशी घ्यायची हे ठरलं. आणि मग हे वाक्य: एसएसशी झालेली आपली नवी मैत्री फारच फलदायी ठरते आहे. पार्टीहून आल्यावर सप्लायरबद्दल लिहावं तसं! कुशल कैद्याचे दिवसाला ४ मार्क, अकुशलाचे ३. कंपनी ते एसएसला द्यायची, कैद्याला काहीच नाही.

गुलाम मजुरीबद्दल मात्र शिक्षा झाल्या. इतर काहींना लुटीबद्दल झाल्या. एकूण १३ दोषी, १० निर्दोष. सगळ्यात मोठी शिक्षा आठ वर्षं, आम्ब्रोसला आणि आउशवित्सच्या कारखान्याच्या बांधकामाच्या प्रमुखाला, वॉल्टर ड्युरफेल्डला. टेर मेअरला सात. तो लवकर सुटला आणि १९५६मध्ये बायर या रसायन-औषध कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. पोलाद आणि शस्त्रास्त्रांचा कारखानदार आल्फ्रीड क्रुपला बारा वर्षं आणि मालमत्ता जप्त. १९५१मध्ये तो बाहेर, मालमत्ताही परत. तोवर शीतयुद्ध पेटलं होतं आणि जर्मनीचे कारखाने हवे होते. (तोक्योत जपानी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात तर २८ आरोपींत एकही उद्योगपती नव्हता. आपल्याकडे त्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाविनोद पालांच्या भिन्नमतपत्राचं कौतुक होतं, हे कोणी सांगत नाही.)

फार्बेन खटल्यातले न्यायमूर्ती हेबर्ट यांना गुलाम मजुरीबाबत आपल्या सहकाऱ्यांचं पटलं नव्हतं. त्यांच्या मते बोर्डावरच्या सगळ्यांनाच दोषी धरायला हवं होतं. मी ते पान दोनदा वाचलं.

आम्ब्रोसचं पत्र टिकलं म्हणून कोर्टापुढे आलं. पेन्सिलीची खूण असलेला तो मसुदा मी त्याच आठवड्यात फाडला. पद्धतच तशी होती आमच्याकडे: मिनिट्सवर सही झाली की कच्चा कागद ठेवायचा नाही.