तुम्ही विचारलंत म्हणून: नॅनटकेट दोन दिवसांवर होतं

ट्रेकला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या एका जहाजाची गोष्ट सांगतो. मग कुणीतरी विचारतंच, "दादा, आपण सह्याद्रीत चाललोय, मध्येच देवमासा कुठून आला?" म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

'एसेक्स' हे अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटावरचं, देवमाशांची शिकार करणारं जहाज. २० नोव्हेंबर १८२० ला, पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ, एका अजस्र स्पर्म व्हेलने त्याला दोनदा धडक दिली. वीस माणसं तीन होड्यांत उतरली. शेवटी जगली आठ, तीही काही जण मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन. ऐकणाऱ्यांना एवढंच लक्षात राहतं.

मी मात्र पंधरा महिने मागे जातो. ऑगस्ट १८१९. बंदर सोडून दोनच दिवस झालेले. वादळाने जहाज आडवं केलं, दोन होड्या पार गेल्या, एक पिचली. कप्तान जॉर्ज पोलार्ड म्हणाला, परत जाऊन दुरुस्ती करू. बरोबरच बोलत होता तो. पण हाताखालच्या दोघा अधिकाऱ्यांनी, ओवेन चेस आणि मॅथ्यू जॉय यांनी, त्याचं मन वळवलं आणि जहाज तसंच पुढे निघालं.

जहाज फुटल्यावर पुन्हा तेच. पोलार्डचं मत होतं, वारा पाठीशी घेऊन पॅसिफिकमधल्याच सोसायटी बेटांकडे जाऊ. बाकीच्यांना तिथल्या नरभक्षकांची धास्ती. खरं तर त्याच बेटांपैकी ताहितीत १७९७ पासून इंग्रज मिशनरी राहत होते! ही बातमी त्या होड्यांत कुणालाच नव्हती. पोलार्ड पुन्हा नमला. हजारो मैलांचा वळसा घेऊन दक्षिण अमेरिका गाठायचं ठरलं आणि त्यात तीन महिने गेले.

त्या जहाजावरचा विल्यम बाँड नावाचा स्टुअर्ड, म्हणजे जेवणखाण बघणारा माणूस, मला फार जवळचा वाटतो. पाणी भरत असताना हा माणूस खालच्या केबिनमध्ये दोनदा उतरला. वर आणलं काय? दोन क्वाड्रंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून समुद्रात आपली जागा काढायची उपकरणं), नौकानयनाची दोन पुस्तकं, आणि कप्तान व चेस यांच्या पेट्या. सगळा खेळ दहा मिनिटांचा. आपण कुठे आहोत हे होड्यांना कळत राहिलं ते त्याच्यामुळे. पुढे बिस्किटांवर लाट आली. त्यांनी ती उन्हात वाळवून खाल्ली. पाणी उडून गेलं, पण मीठ तसंच राहिलं, आणि वाट्याला रोज जेमतेम पेलाभर पाणी. तुमचा खाऊ मी दोन-दोन पिशव्यांत बांधायला लावतो, आणि होकायंत्र सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा म्हणतो, ते यासाठी.

पण खरं कारण वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत सोळा जणांना घेऊन निघालो होतो. दुपारी पावसाचा जोर बघून मला कळलं होतं की इथूनच उतरायला हवं. माझ्यापेक्षा जुने दोघे म्हणाले, "आता एवढं आलोय तर..." आणि मी गप्प बसलो. येताना ओढा फुगलेला. रात्रभर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, कातळाखाली, एकमेकांना चिकटून बसलो. एका मुलीचे दात वाजत होते, तो आवाज अजून कानात आहे. सगळे सुखरूप घरी आले. माझी मात्र पुढे कित्येक रात्री झोप उडाली होती, कारण मला कळलेलं होतं आणि मी बोललो नव्हतो. पोलार्डबद्दल वाचलं ते त्यानंतर.

तेव्हापासून परत फिरायची वेळ मी आदल्या संध्याकाळीच चिठ्ठीवर लिहितो आणि ती गटातल्या सगळ्यात नवख्याच्या खिशात देतो. ती बदलायचा अधिकार मलाही नाही. मागच्या खेपेला साडेबाराला चिठ्ठी निघाली तेव्हा गडाचा दरवाजा समोर दिसत होता, फार तर वीस मिनिटांवर. चिठ्ठीवाली पोर माझ्याकडे बघत होती. मी सॅक पाठीला लावली आणि आम्ही उतरायला लागलो.