खुंटांची मोळी आणि दोन मोकळे हात

गुरांना दररोज कुरणाचा ताजा पट्टा द्यायचा ठरवले की विजेचे तात्पुरते कुंपणही दररोज उचलून पुढे न्यावे लागते. तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन, पॉलीवायर म्हणजे धातूचे बारीक धागे विणलेली प्लास्टिकची तार, ती गुंडाळण्याचे रीळ आणि पायाने दाबून रोवायचे हलके खुंट एवढाच त्याचा पसारा असतो. तरीही माझा निम्मा वेळ खुंट रोवण्यात नव्हे, तर खाली ठेवलेले खुंट पुन्हा उचलण्यात जात असे. एक खुंट रोवायचा, त्यासाठी काखेतली मोळी गवतात टाकायची, तार अडकवायची, मोळी पुन्हा काखेत घ्यायची, बारा-पंधरा पावले चालायचे आणि तिथे पुन्हा तेच करायचे.

मोठ्या गुरांसाठी साधारण कमरेच्या उंचीवर एकच तार पुरते आणि सपाट जमिनीवर दोन खुंटांमध्ये 10 ते 12 मीटर अंतर चालते. म्हणजे 200 मीटरच्या ओळीला, वळणे आणि खळगे धरून, 20 खुंट लागतात. पुढची ओळ उभी राहिल्याशिवाय मागची काढता येत नसल्यामुळे प्रत्येक हलवणीत 20 खुंट रोवायचे आणि 20 उपटायचे असतात. लोखंडी सळईचा खुंट जाडीप्रमाणे 300 ते 500 ग्रॅम भरतो, म्हणजे मोळीचे वजन फार तर 10 किलो. एवढे ओझे कोणीही उचलेल. अडचण वजनाची नसून हातांची आहे, कारण खुंट रोवताना एका हाताने तो सरळ धरावा लागतो, दुसऱ्या हाताने तार वरच्या पिळात, म्हणजे खुंटाच्या माथ्यावरच्या वळवलेल्या कडीत, घालावी लागते, आणि मोळी धरायला तिसरा हात कोणालाच नसतो.

यातला काही भाग अवजाराशिवाय, केवळ कामाचा क्रम बदलूनही सुटतो. रीळ हातात घेऊन तार सोडत सोडत खुंट रोवण्यापेक्षा आधी तार टोकापर्यंत ओढून न्यावी, रीळ तिथल्या पक्क्या खांबाला अडकवावे आणि परतताना खुंट रोवत यावे. रीळ हातातून गेले की एक हात तिथेच सुटतो. काढताना मशीन बंद करून रिळाच्या बाजूने निघावे, दूरच्या टोकापर्यंत खुंट गोळा करीत जावे, तिथे तार अडकवलेले प्लास्टिकच्या मुठीचे हँडल सोडावे आणि परत येऊन तार गुंडाळावी. मात्र खुंट वाहण्याचा प्रश्न दोन्ही वेळा उरतोच.

बाणांच्या भात्यासारखी पाठीवरची पिशवी ही बहुतेकांना सुचणारी पहिली युक्ती, आणि मलाही तीच सुचली. खुंटांची टोके वर ठेवली तर तारेखालून वाकून जाताना वीस अणकुचीदार सळया मानेमागे उभ्या राहतात, आणि तो प्रकार एकदा करून पाहिल्यावर दुसऱ्यांदा करण्याची इच्छा होत नाही. टोके खाली ठेवली तर वरचे पीळ एकमेकांत अडकतात; न बघता एक ओढावा तर तीन येतात. तरीही रोवताना हा भाता कसाबसा चालतो. तो खरा नापास होतो परतीच्या फेरीत. चिखलाने माखलेला खुंट हात मागे नेऊन, न दिसणाऱ्या तोंडात नेमका सोडणे हे काम बाण काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि धनुर्धाऱ्याला बाण परत भात्यात घालण्याची घाई सहसा नसते. खुंट वाहण्याच्या कोणत्याही साधनाची परीक्षा म्हणूनच मी आता काढण्यावर नव्हे, तर परत ठेवण्यावर घेते.

पीळ पट्ट्याला अडकवून खुंट कमरेला लोंबते ठेवण्याचा प्रयोगही केला. मीटरभर लांबीचे खुंट चालताना घोट्यांवर आपटत राहिल्यामुळे तो त्याच दिवशी संपला.

शेवटी उपयोगी पडला तो पाइपाचा तुकडा. सुमारे 15 सेंटीमीटर रुंदीचा आणि 40 सेंटीमीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून वरून उघडी पन्हळ करून घेतली, चारही कोपऱ्यांना भोके पाडली आणि त्यांत जुन्या दप्तराचा रुंद पट्टा ओवून ती उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला आडवी टांगली. खुंट तिच्यात चालण्याच्या दिशेने आडवे राहतात, पीळ पुढे आणि टोके मागे, मागची बाजू किंचित उतरती. उजवा हात समोर नेऊन हवा तो खुंट वर उचलता येतो, आणि परतताना तोच नुसता वरून ठेवून द्यायचा असतो. खुंट उसळू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी वरून ताणून बसवली आहे. सगळे पीळ एकाच बाजूला वळवून ठेवण्याची शिस्त तेवढी पाळावी लागते. ती मोडली की दोष पन्हळीला देण्यात अर्थ नाही.

पन्हळीचा एक फायदा मला नंतर लक्षात आला. काखेतल्या मोळीत पीळ एकमेकांवर सतत घासतात, त्यांवरचे प्लास्टिकचे आवरण झिजते किंवा तडकते, आणि मग तार थेट लोखंडाला टेकून झटका गुरापर्यंत पोहोचण्याऐवजी त्या खुंटातून जमिनीत उतरतो. सेकंदाला एक ठोका देणारी मशीन व्यवस्थित चालू असते, परंतु तारेवर विजेचा दाब कमी दिसतो आणि ओळीत कुठेतरी टक्-टक् ऐकू येते. पन्हळीत खुंट हलत नाहीत, त्यामुळे असे खुंट आता क्वचितच निघतात. फायबर ग्लासचे खुंट असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. उन्हाने त्यांचा पृष्ठभाग खराब होऊन बारीक तंतू सुटतात आणि कातडीत घुसतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि असा खुंट उघड्या मानेवर कधीही टेकवू नये.

पट्ट्याला छातीपाशी एका बोटाने सुटणारी कडी असलीच पाहिजे. खळग्यात पाय मुरगळून पडताना वीस सळया अंगाला बांधलेल्या असू नयेत, आणि अंगाशी येणाऱ्या कालवडीने मोळीत डोके घातले तर ओढाओढ न करता मोळी तिथेच सोडून बाजूला होता यावे. रिळाच्या दोरीचा फेरा मनगटाला घालण्याची सवयही याच कारणाने मी सोडली. गर्रकन वळण्याची सवय मात्र अजून पूर्ण गेलेली नाही, आणि मागे निघालेली टोके फाटकाच्या खांबावर आपटली की ती आठवते.

मेंढ्यांसाठी दोन-तीन तारा लावायच्या तर खुंट जवळजवळ रोवावे लागतात आणि त्यांची संख्या वाढते. तेव्हा 25 पेक्षा जास्त खुंट मी एका वेळी घेत नाही. उरलेले तार ओढतानाच ओळीच्या मध्यावर टाकून ठेवते आणि परतताना तिथे पोहोचल्यावर पन्हळ पुन्हा भरून घेते.