तुम्ही विचारलंत म्हणून: सिग्नलवर गजरेच का?

आमच्या पारधी बायका उन्हातान्हात सिग्नलवर गजरे विकतात, त्यापेक्षा चार घरची धुणीभांडी का धरत नाहीत? मी त्याच समाजातली, शिकून नोकरीला लागलेली, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. विचारणारे बहुतेक भलेच असतात.

घरात वस्तू हरवतात हो. अंगठी बेसिनपाशी राहते, पाचशेची नोट पँटबरोबर धुतली जाते. दुसरी कुणी बाई असली तर आधी घर शोधतात. पारधीण असली तर आधी तिची पिशवी. सिग्नलवर गजरा तिचा, टोपली तिची; काचेतून दहाची नोट बाहेर आली की व्यवहार मिटला. तिथंही जाच आहेच. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात वस्तू विकायच्या निमित्ताने मागणं हेही भीकच धरलंय, त्यामुळे गाडीत घालून नेतात. पण भिकारी म्हणून नेलेलं चालतं, चोर म्हणून नको.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्यापासून अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली; त्यात पुढे आम्ही पारधीही आलो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. तरी माझी आई किराणा दुकानात दोन्ही हात फळीवर ठेवूनच उभी राहायची आणि आम्हाला दटावायची, "हात दिसू देत!" दुकानदार काही बोललेला नसायचा.

माझी भाची बारावी झालेली, हिशोबाला पक्की. आडनाव पवार, त्यामुळे मेडिकलवाल्याला जात कळली नाही. त्याने गल्ल्यावर बस म्हटलं, तर हिने मागच्या खोलीत खोकी लावायचं काम मागून घेतलं. पगार कमी. मी रागावले तर म्हणाली, "मावशी, संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले तर?" मालकाचं मत झालं, पोरीला पुढं जायची हौसच नाही. तुम्हीही गजरेवालीबद्दल हेच म्हणता.

कुणी घरकामाला बाई मागितली तर मी पाठवते. अट एकच: कपाटाला कुलूप आणि दागिने आत. परवा एक बाई दुखावल्या. "अहो, आमचा विश्वास आहे तिच्यावर!" असेल. पण कुलूप तिच्यासाठी आहे, म्हटलं, तिला रात्री झोप लागायला हवी.